प्राणहितेच्या दोन तीरांवर : गोंड गावांच्या स्वशासनाची शंभर वर्षे

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमानंतर जो प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो, त्याला प्राणहिता असे नाव आहे. सिरोंचाजवळ ही नदी गोदावरीस मिळते. तिच्या पश्चिमेस जुना आदिलाबाद जिल्हा आणि पूर्वेस आजचा गडचिरोली जिल्हा. शंभर वर्षांपूर्वी पश्चिम तीरावर निजामाचे राज्य होते आणि पूर्व तीर मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात मोडत होता. राज्यकर्ते निराळे, दप्तराची भाषा निराळी, कायदेही निराळे; परंतु दोन्ही तीरांवरील जंगलात राहणारा मुख्य समाज एकच, तो म्हणजे गोंडांचा. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. गोंडांची राजसत्ता संपली. गावसत्ता मात्र पुढे बराच काळ टिकून राहिली. ती कशी मोडली आणि तिने पुन्हा कसे डोके वर काढले, हा गेल्या शतकाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा, पण आपल्या पुस्तकांतून क्वचितच येणारा भाग आहे.

हैदराबादेतील मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. आदिलाबादचा गोंड घरी गोंडी बोले आणि बाजारात, कचेरीत मराठीचा आधार घेई. त्याच्या पहिल्या शाळेची पुस्तके नागरी लिपीत छापली गेली. त्याच्याविषयी आस्थेने लिहिणाऱ्या पहिल्या अधिकाऱ्यांपैकी एक जण मराठी इतिहासकार होता. मराठी ग्रंथालयाच्या शताब्दीच्या प्रसंगी या शेजाऱ्याची आठवण होणे म्हणूनच उचित ठरते.

पंचांचे गाव

गोंड गावाचा प्रमुख म्हणजे पाटला. हा शब्द आपल्या पाटलाशी मिळताजुळता असला, तरी दोघांच्या अधिकारांत मोठे अंतर होते. मुलखी पाटील सरकारचा सारा गोळा करणारा वतनदार. गोंडांचा पाटला हा मुख्यतः गावाला एकत्र बसविणारा वडीलधारा होता. पेरणीपूर्वीची पूजा केव्हा करावी, नव्या कुटुंबाला गावात जागा द्यावी की नाही, लग्न मोडल्यास देणेघेणे कसे फेडावे, बांधावरून भांडण झाल्यास कोणाचे म्हणणे मानावे, अशा साऱ्या गोष्टी पंचांसमोर येत. बैठक उघड्यावर होई, ज्याला जे म्हणायचे ते तो म्हणे, आणि बोलणे संपता संपता निर्णय होई. कागद नव्हता; स्मरण होते. कुळांच्या कथा आणि देवांचे आख्यान परधान गायक तोंडपाठ ठेवीत, आणि कोणते रान कोणाच्या वहिवाटीचे आहे हे वृद्धांना ठाऊक असे.

या व्यवस्थेला दोष नव्हते असे नाही. स्त्रियांना पंचांत स्थान नव्हते आणि मोठ्या कुळांचे वजन अधिक पडे. तथापि एक गोष्ट तिच्यात निश्चित होती : जमीन, पाणी आणि जंगल यांविषयीचा निर्णय जेथे ती होती तेथेच होई. नव्या राज्यव्यवस्थेने नेमके हेच सूत्र तोडले.

१८६५, १८७८ आणि १९२७ या वर्षांच्या वनकायद्यांनी ब्रिटिश मुलखातील जंगल सरकारी मालकीचे झाले. निजामाच्या राज्यातही राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या जाऊ लागल्या. ज्या रानात गोंड पिढ्यान् पिढ्या नांगर फिरवीत होते, तेथे ते कागदोपत्री अतिक्रमण करणारे ठरले. निजामी दप्तरात ‘सिवाय जमाबंदी’ हा एक वहिवाटीचा प्रकार होता. त्याखाली जमीन कसता येई, सारा भरावा लागे, पण पट्टा मिळत नसे. पट्ट्याचा अर्थ ज्यांना कळत होता असे बाहेरचे लोक कचेरीत जाऊन त्याच जमिनींचे पट्टे आपल्या नावे करून घेत. गोंडाला हे कळे, तेव्हा त्याच्या शेतात दुसऱ्याचा नांगर चालू असे. त्याच्या पंचांचा निर्णय कचेरीत कोणी विचारात घेत नसे, कारण तो कोठेही लिहिलेला नव्हता.

जोडेघाट

या अन्यायाला शस्त्राने उत्तर देणाऱ्यांची परंपरा दोन्ही तीरांवर आहे. पूर्वेकडे बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्यांना फाशी देण्यात आली. पश्चिमेकडे सुमारे ८० वर्षांनी कुमराम भीम उभे राहिले. आसिफाबादच्या डोंगरांत बाबेझरी, जोडेघाट आणि आसपासच्या गुड्यांतील गोंड व कोलाम त्यांच्या भोवती गोळा झाले. मागणी साधी होती : कसलेली जमीन आमची असावी, रानातील चराईवर आणि लाकडावर वनखात्याचा जाच नसावा, आणि आमच्या गावांचा कारभार आम्ही पाहावा. १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्यांचे सहकारी मारले गेले. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आज त्यांच्या नावाशी जोडलेली आहे, आणि २०१६ च्या जिल्हा पुनर्रचनेनंतर आसिफाबाद जिल्ह्याला त्यांचेच नाव देण्यात आले.

जोडेघाटच्या गोळीबाराने निजाम सरकार अस्वस्थ झाले. गोंड शस्त्र घेऊन का उठले, याचा शोध घेण्याचे काम एका परदेशी माणसाकडे आले. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानात होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून इंग्रज सरकारने त्यांच्या हालचालींवर बंधने घातली. हैदराबाद संस्थानात मात्र त्यांना संशोधनाची मोकळीक मिळाली. पत्नी बेट्टी यांच्यासह ते उटनूरच्या डोंगरातील मार्लवाई या गोंड गावी झोपडी बांधून राहिले, गोंडी शिकले, आणि त्यांनी सरकारला जे कळविले त्याचा सारांश असा होता की, हे बंड भूमिहीनतेतून आणि असहायतेतून निर्माण झाले आहे. त्यावर बंदूक हा उपाय नाही.

मार्लवाई आणि केसलापूर

यानंतरच्या सात-आठ वर्षांत आदिलाबादमध्ये जे घडले, ते त्या काळातील कोणत्याही संस्थानात क्वचितच घडले असेल. हजारो गोंड व कोलाम कुटुंबांना जमिनीचे पट्टे देण्यात आले. १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. बाहेरचा शिक्षक जंगलात टिकत नाही आणि त्याची भाषा मुलांना कळत नाही, हे ओळखून गोंड तरुणांनाच शिक्षक केले गेले. त्यांच्यासाठी गोंडी भाषेतील वाचनमाला नागरी लिपीत तयार झाली. गोंडीला स्वतःची रूढ लिपी नव्हती, आणि त्या भागात नागरी अक्षरे मराठीमुळे परिचयाची होती, हे त्यामागचे व्यवहारी कारण. अक्षरओळखीचा हेतूही तितकाच व्यवहारी होता. ज्याला पावती वाचता येते त्याच्याकडून दुप्पट सारा वसूल करता येत नाही, आणि ज्याला पट्ट्यावरचे नाव वाचता येते त्याची जमीन गुपचूप दुसऱ्याच्या नावे होत नाही.

दुसरा उपक्रम केसलापूरच्या जत्रेशी जोडला गेला. तेथे पौष अमावास्येला मेश्राम कुळाच्या नागोबाची मोठी यात्रा भरते आणि दूरदूरचे गोंड बैलगाड्यांनी तेथे येतात. १९४० च्या दशकात या यात्रेतच दरबार भरविण्याची प्रथा सुरू झाली. जिल्ह्याचे अधिकारी यात्रेत बसून गाऱ्हाणी ऐकू लागले. गोंडाने कचेरीची पायरी चढण्याऐवजी कचेरीच त्याच्या देवाच्या दारी आली. नागोबाचा हा दरबार पुढेही चालू राहिला.

याच काळात सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद मुलकी सेवेतील अधिकारी आदिलाबादच्या आदिवासी भागात कामास होते. मराठी वाचक त्यांना शिवकाल आणि मोगल-मराठा संबंध यांचे संशोधक म्हणून ओळखतो. परंतु त्यांनी गोंडी आत्मसात केली होती, आणि आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १९४९ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाले. फारसी कागदपत्रे वाचणाऱ्या या विद्वानाने ज्यांच्याकडे कागदच नव्हते त्यांचीही दखल घेतली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात ठळकपणे नोंदवावी अशी आहे.

कायद्याच्या क्षेत्रातील पाऊल १९४६ मध्ये पडले. निजाम सरकारने आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियम केला आणि १९४९ मध्ये त्याखालील नियम अमलात आले. अधिसूचित क्षेत्रांतील तंटे नेहमीच्या न्यायालयांऐवजी विशेष अधिकाऱ्यांकडे आणि आदिवासी पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद त्यात होती. ज्या पंचांना कचेरीत मान नव्हता, त्यांना प्रथमच सरकारी मान्यता मिळाली.

वरून आलेले आणि वरूनच गेलेले

परंतु या सुधारणांचे मर्मस्थान त्यांच्या उगमातच होते. त्या काही सहृदय अधिकाऱ्यांच्या प्रयत्नांतून आल्या होत्या. अधिकारी बदलले, हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, आणि १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत आदिलाबादचा मोठा भाग आंध्र प्रदेशात, तर किनवट व राजुरा मुंबई राज्यात गेले. एकच समाज दोन राज्यांत विभागला गेला. शाळांतून तेलुगू आली आणि नागरीतील गोंडी वाचनमाला मागे पडल्या. मराठी-गोंडीवर तयार झालेल्या शिक्षकांची विद्या एकाएकी निरुपयोगी ठरली.

जमिनीच्या बाबतीत तर कायदा आणि वस्तुस्थिती यांच्या दिशाच परस्परविरुद्ध होत्या. आंध्र प्रदेशाचा १९५९ चा जमीन हस्तांतर विनियम १९६३ मध्ये तेलंगणाच्या अनुसूचित क्षेत्रांना लागू झाला, आणि १९७० च्या दुरुस्तीने तेथील जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यास पूर्ण बंदी घातली. देशातील अत्यंत कडक कायद्यांपैकी हा एक. पण रस्ते झाले, कापसाला भाव आला, आणि सुपीक काळ्या जमिनीच्या ओढीने बाहेरचे शेतकरी व व्यापारी येत राहिले. कायदा पुस्तकात होता. त्याचा आधार घेऊन उभी राहील अशी गावातील संस्था मात्र क्षीण झाली होती. पंचांच्या हाती नोंद नव्हती, पट्टा सावकाराकडे गहाण होता, आणि दाद मागायची तर ती कोणाकडे हे ठाऊक नव्हते.

या कोंडीचा स्फोट इंद्रवेल्ली येथे झाला. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या प्रश्नावर तेथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार १३ जण मृत्युमुखी पडले. लोक हा आकडा याहून बराच मोठा सांगतात. इंद्रवेल्ली केसलापूरपासून जवळ आहे. ज्या परिसरात ४० वर्षांपूर्वी गाऱ्हाणी ऐकण्यासाठी दरबार भरू लागला होता, तेथेच सभेला आलेले लोक मारले गेले. जोडेघाट आणि इंद्रवेल्ली यांच्यामध्ये चार दशके आहेत, आणि कारण मात्र एकच.

हायमेनडॉर्फ यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा या भागात फिरून हा ऱ्हास पाहिला आणि त्यावर लिहिले. बेट्टी १९८७ मध्ये, तर ते स्वतः १९९५ मध्ये निवर्तले. मार्लवाईत दोघांचीही स्मारके आहेत. त्यांच्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या कामाचा धडा हाच की, संरक्षण देणारा हात दूर होताच संरक्षणही गेले. गावाला स्वतः निर्णय घेण्याची आणि तो लिहून ठेवण्याची सवय लागलेली नव्हती.

मेंढ्याची सभा

आता पूर्व तीराकडे वळले पाहिजे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात लेखा गावाजवळ मेंढा हे सुमारे ५०० वस्तीचे गोंड गाव आहे. आसपासच्या जंगलावर या गावाचा जुना निस्तार, म्हणजे घरगुती गरजेपुरता लाकूडफाटा, बांबू आणि चराई यांचा हक्क होता. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी संपली, जंगल वनखात्याकडे गेले, आणि येथील बांबू कागद कारखान्यास भाडेपट्ट्याने दिला जाऊ लागला.

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात भोपालपटनम आणि इंचमपल्ली येथील नियोजित धरणांविरुद्ध या भागात मोठे आंदोलन झाले. लालश्याम शाह आणि बाबा आमटे यांनी त्याचे नेतृत्व केले. ती धरणे झाली नाहीत. आंदोलन ओसरल्यावर एक प्रश्न मात्र मागे राहिला : जंगल वाचले, पण ते सांभाळणार कोण? मेंढ्याने तो प्रश्न स्वतःपुरता सोडविण्याचे ठरविले. देवाजी तोफा हे गावातील पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले अभ्यासक कार्यकर्ते यांचे साहचर्य या वाटचालीत महत्त्वाचे ठरले.

गावाच्या ग्रामसभेने काही नियम स्वतःवर घालून घेतले. निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करावयाचा. एका माणसाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीकडे न्यावयाचा. प्रत्येक घरातील पुरुषाबरोबर स्त्रीनेही सभेत बसावयाचे. जुन्या पंचांत जे नव्हते ते येथे जाणीवपूर्वक आणले गेले. दारूबाबतचा निर्णयही असाच दीर्घ चर्चेनंतर, स्त्रियांच्या पुढाकाराने झाला.

याहून विशेष गोष्ट म्हणजे ‘अभ्यास गट’. ग्रामसभा निर्णय घेणार. परंतु निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी निराळी बैठक भरे. तिला यावयाचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. बाहेरचे जाणकार, अधिकारी, संशोधक यांना तेथे बोलावले जाई. त्यांनी माहिती द्यावी, प्रश्नांना उत्तरे द्यावीत, सल्ला मागितला तर द्यावा. निर्णयाच्या सभेत मात्र त्यांना मत नसे. वनकायदा काय म्हणतो, निस्तारपत्रकात गावाच्या नावापुढे काय लिहिले आहे, बांबू कसा तोडला असता पुन्हा फुटतो, अशा विषयांवर शेतकरी आणि शेतमजूर रात्री बसून चर्चा करीत. शाळेत फारसे न गेलेल्या माणसांचे हे वाचनमंडळच होते.

या अभ्यासाची पहिली कसोटी गोटूलच्या प्रसंगी लागली. तरुणांच्या एकत्र येण्याची ही गोंडांची परंपरागत वास्तू. ती पुन्हा उभारण्यासाठी गावाने जंगलातून सागवान आणले. वनखात्याने ते बेकायदा ठरवून गोटूल पाडले आणि लाकूड नेले. गावाने हाणामारी केली नाही. परिसरातील गावांची सभा भरली, विषयावर विचार झाला, आणि मेंढ्याबरोबर इतर अनेक गावांनीही आपापली गोटूले उभी केली. एका गावावर कारवाई करणे सोपे असते; इतक्या गावांवर ती झाली नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा आणि ‘मावा नाटे मावा राज’ ही गोंडी घोषणा, दोन्हींचा अर्थ या प्रसंगातून नीट कळतो. तीत देशाच्या सरकारशी वैर नाही. गावाच्या हद्दीतील गोष्टी गावाने पाहाव्यात एवढाच आग्रह आहे.

दोन कायदे

१९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि पंचायत राज्यास घटनेत स्थान मिळाले. मात्र पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रे तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली होती. संसदेने स्वतंत्र कायदा करूनच ती तेथे लागू करावयाची होती. तो कसा असावा हे ठरविण्यासाठी झाबुआचे खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखाली १९९४ मध्ये समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९९५ च्या प्रारंभी आला. बस्तरचे एकेकाळचे जिल्हाधिकारी आणि पुढे अनुसूचित जाती-जमातींचे आयुक्त झालेले ब्रह्मदेव शर्मा यांच्या विचारांचा आणि चळवळीचा यामागे मोठा वाटा होता. २४ डिसेंबर १९९६ रोजी हा कायदा अमलात आला. ‘पेसा’ या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो.

या कायद्याची मूळ कल्पना जुन्या पंचांशी जुळणारी आहे. सरकारी दप्तरातील गाव म्हणजे अनेकदा पाच-सहा वाड्यांचे एकत्रीकरण असते. पेसाने म्हटले की, जी वस्ती आपल्या रूढी-परंपरांप्रमाणे स्वतःचा कारभार पाहते, ते गाव. आणि तिच्यातील सर्व मतदार मिळून होणारी ती ग्रामसभा. गौण वनोपजाची मालकी, गावबाजार, सावकारी, मादक पदार्थ, जमिनीचे हस्तांतर यांविषयी अधिकार या सभेला आणि पंचायतींना देण्यात आले. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ‘समता’ खटल्यात निर्णय दिला की, आंध्रच्या अनुसूचित क्षेत्रांतील जमीन सरकारलाही खाणींसाठी खाजगी बिगर-आदिवासी कंपन्यांना देता येत नाही.

तरीही पेसाची अंमलबजावणी राज्यांच्या नियमांवाचून अडून राहिली. आंध्र प्रदेशाने नियम केले २०११ मध्ये, महाराष्ट्राने २०१४ मध्ये, मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये. कायदा आणि नियम यांच्यामध्ये कोठे १५, तर कोठे २६ वर्षे गेली.

दुसरा कायदा २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या प्रस्तावनेतच आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कुटुंब कसत असलेल्या वनजमिनीवर, कमाल ४ हेक्टरपर्यंत, त्याने हक्क मान्य केला. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावाचा जंगलावरील सामूहिक हक्क मान्य केला. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून व्हावयाची असते. २०१२ च्या दुरुस्तीनुसार त्या सभेत किमान निम्मी उपस्थिती हवी, आणि उपस्थितांत एक-तृतीयांश तरी स्त्रिया हव्यात.

मेंढा या घडीला तयार होते. गावाकडे नोंदी होत्या, सभेची इतिवृत्ते होती, जंगलाची हद्द पायाखालची होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. मर्दा या गावाबरोबर मेंढा या बाबतीत देशात अग्रभागी ठरले. पण अडचण संपली नव्हती. १९२७ च्या वनकायद्यात बांबूची गणना वृक्षांत होती, तर वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले होते. हक्क गावाचा, पण बांबू जिल्ह्याबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती, असा पेच पडला. गाव अडून बसले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्यास येऊन परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन केले. वनक्षेत्राबाहेर वाढणारा बांबू वृक्षांच्या व्याख्येतून वगळण्यासाठी मूळ वनकायद्यात दुरुस्ती व्हावयास मात्र २०१७ उजाडले. २०१३ मध्ये मेंढ्याने आणखी एक पाऊल टाकले. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय गावाने घेतला. मिलिंद बोकील यांनी २०१२ मध्ये या गावाची कथा मराठीत ग्रंथरूपाने मांडली आहे.

आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. अनेक ठिकाणी ग्रामसभा तेंदूपाने आणि बांबू यांचा लिलाव स्वतः करतात. आदिलाबादच्या बाजूला राय सेंटर या नावाने गोंडांची पारंपरिक पंचमंडळे काम करतात. पण तेथे शेतीच्या दाव्यांवरून वनखात्याशी होणारे संघर्ष मिटलेले नाहीत. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्यांवरील लोकांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला आणि देशभर लक्षावधी कुटुंबांवर संकट आले. त्याच महिन्याच्या २८ तारखेस त्या आदेशाला स्थगिती मिळाली. दावे फेटाळताना रीतसर पद्धत पाळली गेली होती की नाही, हाच त्या वेळी कळीचा प्रश्न ठरला. ज्या गावांकडे इतिवृत्त होते, नकाशा होता, नकाराचे कारण लेखी मागण्याचे धैर्य होते, त्यांची बाजू भक्कम होती. इतरांना पुन्हा १९४० च्याच जागी उभे राहावे लागले.

पुरावा

वनहक्क कायद्याखालील नियमांत एक कलम असे आहे की, जे कोणत्याही ग्रंथालयाने लक्षात ठेवावे. दाव्यासाठी कोणते पुरावे ग्राह्य धरावेत याची त्यात यादी आहे. गॅझेटिअर, जनगणनेचे अहवाल, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, निस्तारपत्रक. संशोधकांनी व मान्यवर संस्थांनी केलेल्या रूढी-परंपरांच्या नोंदी. विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या खुणा. आणि शेवटी, वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले कथन. ज्या स्मरणाला कचेरीत एके काळी किंमत नव्हती, ते कागदावर उतरले की आज पुरावा ठरते.

या यादीतील पहिल्या दोन प्रकारांचे साहित्य जुन्या वाचनालयांच्या कपाटांत असते. निजामी राजवटीत गश्ती क्रमांक ५३ अन्वये सार्वजनिक सभेला सरकारची परवानगी लागे. त्या काळात मराठी आणि तेलुगू भाषिकांनी उभारलेली वाचनालये हीच लोकांच्या एकत्र येण्याची आणि विचार करण्याची ठिकाणे होती, आणि संस्थानातील राजकीय जागृतीचा पाया तेथेच घातला गेला. शहरातील माणसाने वाचनालयात जे केले, तेच मेंढ्याच्या माणसाने अभ्यास गटात केले. चांदा जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर, हैदराबाद संस्थानचे जनगणना अहवाल, हायमेनडॉर्फ आणि पगडी यांची गोंडांवरील पुस्तके आता फारशी कोणी मागत नाही. पण उटनूरच्या किंवा राजुऱ्याच्या एखाद्या गुड्यातील ग्रामसभा आपल्या देवराईचा आणि दफनभूमीचा जुना उल्लेख शोधीत आली, तर त्यातील एखादे पान तिच्या दाव्याला जोडले जाऊ शकते. ती पाने वाळवीपासून जपणे, त्यांची सूची करणे आणि मागणाऱ्याच्या हाती ती देणे, हे काम दुसऱ्या शतकातही ग्रंथालयांकडेच राहणार आहे.